चरबीच्या पेशी जगतात. पण कुठे आणि किती दिवस?

कॉस्मेटिक क्लिनिकांच्या जाहिराती जरा सावकाश वाचल्या, तर एक गंमत दिसते. एकाच यंत्राविषयी दोन उलट दावे शेजारीशेजारी नांदत असतात. वर मोठ्या अक्षरांत ‘अल्ट्रासाउंडने चरबी वितळवा’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘काढलेली चरबी जिवंत असते, तीच चेहऱ्यात किंवा स्तनांत भरता येते’. आता चरबीच्या पेशी वितळल्या असतील, तर त्या जिवंत कशा? आणि त्या जिवंत असतील, तर वितळले ते काय?

हा शब्दांचा कीस नाही. अल्ट्रासाउंडच्या मदतीने केलेल्या लायपोसक्शननंतर चरबीच्या किती पेशी जिवंत राहतात, यावर गेली अनेक वर्षे संशोधन चालू आहे आणि त्याच्या उत्तरावर बऱ्याच जणांचे बरेच काही अवलंबून आहे. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्याच पोटावरची चरबी घेऊन स्तनाचा आकार परत मिळवू पाहणारी स्त्री, भाजल्याच्या व्रणाखाली चरबी भरून आखडलेली त्वचा सैल करून घेणारा तरुण, गुडघेदुखीवर ‘चरबीतल्या मूलपेशीं’चे इंजेक्शन घ्यायला निघालेले आजोबा, या सगळ्यांच्या कानावर कधी ना कधी एक वाक्य पडते: ‘आमच्या पद्धतीत इतके टक्के पेशी जिवंत राहतात.’ माझे म्हणणे एवढेच, की हा आकडा खरा असला तरी तो रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तर नसतो. तो सिरिंजमधला टक्का असतो. रुग्णाला शरीरातला टक्का हवा असतो.

यंत्र नेमके काय करते?

लायपोसक्शनचा इतिहास फार जुना नाही. १९७०च्या दशकाच्या मध्यास रोममध्ये अर्पाद आणि ज्योर्जिओ फिशर या पितापुत्रांनी त्वचेला लहान छेद देऊन नळीने चरबी काढण्याचे तंत्र विकसित केले. १९७७च्या सुमारास पॅरिसचे इव्ह-जेरार इलूझ यांनी बोथट टोकाची नळी वापरायला सुरुवात केली. त्यामुळे रक्तवाहिन्या आणि नसांना होणारी इजा कमी झाली. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी आणखी मोठी सुधारणा मांडली. सलाइनमध्ये लिडोकेन हे भुलीचे औषध आणि ॲड्रेनलिन अगदी थोड्या प्रमाणात मिसळून तो द्रव चरबीच्या थरात भरपूर सोडायचा. ॲड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्तस्राव घटतो. लिडोकेनने तो भाग बधिर होतो. आजचे बहुतेक लायपोसक्शन याच पायावर उभे आहे.

त्यानंतर अल्ट्रासाउंड आले. इटलीचे शल्यचिकित्सक मिकेले झोक्की यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या पद्धतीविषयी लिहिले आणि ती युरोप-अमेरिकेत पसरली. माणसाच्या कानाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडच्या कंपनांना श्राव्यातीत म्हणतात. सोनोग्राफीच्या लहरी याहून कितीतरी अधिक कंपनसंख्येच्या, पण सौम्य असतात आणि त्या त्वचेवरून सोडल्या जातात. लायपोसक्शनमध्ये मात्र धातूची बारीक कांडी, म्हणजे प्रोब, थेट चरबीच्या थरात घातला जातो. सध्या प्रचलित असलेल्या ‘व्हेसर’ यंत्रात त्याचे टोक सेकंदाला सुमारे ३६ हजार वेळा कंप पावते. या कंपनांनी भोवतालच्या द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, फुगतात आणि फुटतात. त्या धक्क्यांनी चरबीच्या पेशींचे पुंजके एकमेकांपासून आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या तंतूंपासून सुटे होतात. मग नळीने ते ओढून घेतले जातात.

इथे ‘वितळणे’ हा शब्दच चुकीचा आहे. आपल्या शरीरातली चरबी शरीराच्या तापमानाला मुळातच द्रव असते. उन्हाळ्यात बाटलीतले खोबरेल तेल असते तशी. ती पेशीच्या आवरणात बंद असते म्हणून वाहत नाही, इतकेच. त्यामुळे यंत्राने वितळवायला काही उरलेलेच नसते. यंत्र दोनपैकी एक गोष्ट करू शकते: पेशींना एकमेकांपासून सोडवू शकते किंवा त्यांना फोडून आतले तेल बाहेर काढू शकते.

अर्धे कापलेले डाळिंब हातावर पालथे धरून पाठीवर चमच्याने ठोकले, की दाणे अख्खे सुटून पडतात. तोच चमचा जोरात आणि फार वेळ हाणला, तर वाटीत रस जमा होतो. चमचा तोच, डाळिंबही तेच. फरक पडतो तो जोराचा, वेळेचा आणि हाताचा. अल्ट्रासाउंड यंत्राचेही असेच आहे. ऊर्जा किती ठेवली, ती सलग दिली की थांबून थांबून, प्रोब एका जागी किती वेळ फिरवला, द्रव पुरेसा भरला होता का, नंतर किती दाबाने ओढले, यांवर पेशी अख्ख्या सुटणार की फुटणार हे ठरते.

पहिल्या पिढीच्या यंत्रांमध्ये नेमका हाच घोळ झाला. त्यांची ऊर्जा जास्त होती, प्रोब जाड होते. त्वचा भाजणे, त्वचेखाली पाणी साठणे अशा तक्रारी आल्या आणि अनेक शल्यचिकित्सकांनी ही पद्धत बाजूला ठेवली. त्या यंत्रांनी काढलेली चरबी रोपणासाठी वापरू नये, असाच तेव्हा सर्वसाधारण सल्ला होता. २००० नंतर तिसऱ्या पिढीची यंत्रे आली. प्रोब बारीक आणि भरीव झाले, टोकाशी खाचा आल्या, ऊर्जा कमी झाली आणि ती झटक्याझटक्याने देता येऊ लागली. त्यानंतरच ‘ही चरबी परत वापरता येईल का’ हा प्रश्न गंभीरपणे विचारला जाऊ लागला.

टक्का कशाचा?

२०१३ मध्ये ‘एस्थेटिक सर्जरी जर्नल’मध्ये अमेरिकी संशोधकांच्या एका गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिसऱ्या पिढीच्या अल्ट्रासाउंड यंत्राने काढलेल्या चरबीत सुमारे ८५ टक्के पेशी जिवंत असल्याचे त्यांना आढळले. ‘फुटून सगळे तेल होते’ ही जुनी समजूत या निष्कर्षाने खोडून काढली आणि ते महत्त्वाचेच होते. पुढे २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले, की या पद्धतीने मिळालेल्या चरबीतल्या मूलपेशी साध्या लायपोसक्शनमधून मिळालेल्या मूलपेशींइतक्याच कार्यक्षम असतात. तेव्हा ‘अल्ट्रासाउंड वापरले म्हणजे चरबी मेलीच’ असे म्हणणाऱ्यांनी आपले मत बदलायला हवे.

पण ८५ टक्के या आकड्याचा अर्थ काय, हे नीट समजून घ्यायला हवे. त्या २०१३च्या लेखाच्या शीर्षकातच संशोधकांनी प्रामाणिकपणे सांगितले आहे, की ही पेशींची तात्काळ जीवनक्षमता आहे. म्हणजे चरबी बाहेर काढल्यानंतर लगेच मोजलेली. ती शरीरात परत भरल्यावर तीन महिन्यांनी किंवा वर्षाने काय झाले, याचे उत्तर तो अभ्यास देत नाही. तसा दावाही करत नाही. दावा नंतर होतो, माहितीपत्रकात.

दुसरी गोष्ट मोजण्याच्या रीतीची. चरबीची पेशी ही मोजायला अवघड वस्तू आहे. तिचा व्यास साधारण एक दशांश मिलिमीटर. इतर बहुतेक पेशींच्या तुलनेत ती अवाढव्य असते. तिचा जवळजवळ सगळा भाग तेलाच्या एकाच थेंबाने व्यापलेला असतो आणि केंद्रक कडेला चेपलेले असते. ती पाण्यावर तरंगते आणि धक्का लागला की फुटते. प्रयोगशाळेत ती जिवंत आहे का, हे पाहण्याच्या अनेक रीती आहेत. काही ठिकाणी मेलेल्या पेशींत शिरणारा निळा रंग वापरतात. काही ठिकाणी पेशींना उद्दीपित करून त्या ग्लिसरॉल किती सोडतात हे मोजतात. जिवंत पेशीच ते काम करू शकते. काही जण सुट्या झालेल्या तेलाचा थर मोजतात. काही जण ती चरबी प्रयोगातल्या उंदरात रोपून काही आठवड्यांनी किती उरली ते पाहतात. या चार रीतींची उत्तरे एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

आणि यात एक सापळा आहे. पेशी फुटली, की ती मोजणीतून नाहीशी होते. तिचे तेल वरच्या थरात जाते. मग उरलेल्या अख्ख्या पेशींपैकी किती जिवंत, असे मोजले तर टक्का चांगलाच येणार. एखाद्या शाळेने कच्च्या मुलांना दहावीच्या परीक्षेला बसूच दिले नाही आणि मग ‘आमचा निकाल ९८ टक्के’ असा फलक लावला, तर तो आकडा खोटा नसतो. पण त्याला शाळेचा निकाल म्हणता येत नाही. म्हणून जिवंत पेशींच्या टक्क्याबरोबर सुटे तेल किती निघाले हेही सांगितले पाहिजे. चांगले शोधनिबंध ते सांगतात. माहितीपत्रकात ते नसते.

रोप उपटले तेव्हा हिरवेच असते

आता समजा, सिरिंजमधल्या सगळ्याच पेशी जिवंत आहेत. पुढे काय?

भाताची लावणी पाहिलेल्यांना हे पटकन कळेल. आवणातून उपटलेले रोप हातात असते तेव्हा हिरवेगार असते. ते तग धरेल का, हे चिखलात लावल्यानंतरच्या काही दिवसांत ठरते. चरबीच्या रोपणातही तसेच आहे. काढलेल्या चरबीची रक्तवाहिन्यांशी असलेली नाळ तुटलेली असते. नव्या जागी गेल्यावर रक्तवाहिन्या तिच्यात शिरेपर्यंत तिला आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या प्राणवायूवर दिवस काढावे लागतात आणि तो फार आतपर्यंत पोचत नाही.

२०१२ मध्ये टोकियोतील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगात हा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहिला. रोपलेल्या चरबीच्या तुकड्यातल्या बहुतेक पेशी पहिल्याच दिवसापासून मरायला लागल्या. कडेच्या साधारण ०.३ मिलिमीटरच्या पट्ट्यातल्या पेशींपैकी काही तेवढ्या वाचल्या. त्याच्या आतल्या भागात चरबीच्या पेशी मेल्या, पण प्राणवायूच्या टंचाईत अधिक काळ टिकणाऱ्या मूलपेशी उरल्या आणि त्यांच्यापासून पुढच्या आठवड्यांत नव्या चरबीपेशी तयार झाल्या. अगदी गाभ्यात मात्र दोन्ही मेल्या. तिथे उरते ते तेल. शरीर ते हळूहळू शोषते किंवा त्याभोवती आवरण तयार करून त्याची गाठ बनवते.

म्हणजे रोपण यशस्वी झाले तरी वर्षानंतर तिथे दिसणारी बरीचशी चरबी सिरिंजमधल्या मूळ पेशींची नसून नव्याने घडलेली असते. मग ‘सिरिंजमधल्या ८५ टक्के चरबीपेशी जिवंत’ या आकड्याचे वजन आणखी कमी होते. निकालावर त्याच्याइतकाच, कदाचित जास्तच, परिणाम इतर गोष्टींचा होतो: चरबी किती बारीक थेंबांत पसरून भरली, ज्या जागी भरली तिथला रक्तपुरवठा कसा आहे, एका वेळी किती कोंबली. जर्मन शल्यचिकित्सक गुस्ताव नॉयबर यांनी १८९३ मध्ये चेहऱ्यावरचा खड्डा भरण्यासाठी चरबीचे रोपण केले, तेव्हाच लहान तुकडे मोठ्यांपेक्षा चांगले टिकतात असे त्यांचे निरीक्षण होते. अमेरिकेचे सिडनी कोलमन यांनी १९९०च्या दशकात बारीक नळीने थेंबाथेंबाने चरबी पसरण्याची जी शिस्त घालून दिली, तिच्यामागेही तोच विचार आहे. त्यात अल्ट्रासाउंडचा काही संबंध नव्हता.

शेवटी रोपलेल्या चरबीपैकी किती टिकते? वेगवेगळ्या अभ्यासांत हा आकडा २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत आढळतो. इतका मोठा पल्ला असेल, तर एखाद्या यंत्राच्या नावावर ठरावीक टक्केवारीची हमी देणे योग्य नाही. चरबी काढण्याच्या पद्धतींची तुलना करणाऱ्या आढाव्यांत कोणतीही एक पद्धत निर्विवाद सरस ठरलेली नाही.

कर्करोगानंतर स्तनाची पुनर्रचना करून घेणाऱ्या स्त्रीसाठी हा फरक फार मोलाचा असतो. काही चरबी विरणार, म्हणून दोन किंवा अधिक वेळा शस्त्रक्रिया लागू शकते, हे तिला आधीच माहीत असले पाहिजे. मेलेल्या चरबीच्या गाठी आणि त्यात साठणारे कॅल्शियम मॅमोग्राफीत दिसते. बहुतेक वेळा तज्ज्ञाला ते ओळखू येते, पण कधी बायोप्सीची वेळ येते. एकदा कर्करोगातून गेलेल्या बाईला पुन्हा ‘गाठ दिसतेय’ हे ऐकावे लागणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. याच चिंतेपोटी १९८७ मध्ये अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने स्तनांत चरबी भरण्याला विरोध केला होता. पुरावा जमा झाल्यावर २००९ मध्ये ती भूमिका बदलली. पद्धत वाईट नाही. पण विरलेल्या पेशींचाही हिशेब असतो आणि तो रुग्णाच्या फाइलमध्ये लिहिलेला असावा. चरबीचे रोपण झाले असेल तर मॅमोग्राफी करताना ते आधी सांगावे.

मागे राहिलेल्या पेशी

‘किती पेशी जगल्या’ या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि जाहिरातीत तिचा उल्लेखच नसतो. लायपोसक्शनमध्ये त्या जागच्या सगळ्या पेशी निघत नाहीत, काढायच्याही नसतात. त्वचेखाली थर राहिला नाही तर ती खडबडीत दिसते. मागे राहिलेल्या पेशी जिवंत असतात आणि त्यांचे काम चालू ठेवतात.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले, की प्रौढपणी माणसाच्या चरबीपेशींची संख्या जवळपास स्थिर असते. दरवर्षी साधारण दहा टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या तयार होतात. अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग काढून त्यांनी हे शोधले. वजन खूप घटले तरी पेशींची संख्या फारशी घटत नाही; त्या फक्त आकाराने लहान होतात. म्हणजे शरीर आपली चरबी राखायला टपलेलेच असते.

मग ती काढून टाकल्यावर काय होते? अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातील अभ्यासात (२०११) लठ्ठ नसलेल्या स्त्रियांच्या मांड्या आणि खालच्या पोटावरची चरबी काढून त्यांना वर्षभर पाहिले. वर्षाअखेर शरीरातल्या एकूण चरबीत शस्त्रक्रिया न केलेल्या स्त्रियांच्या तुलनेत फरक उरला नव्हता. मांड्या बारीकच राहिल्या, पण चरबी पोटाकडे परतली. ब्राझीलमधील २०१२च्या एका अभ्यासात लायपोसक्शननंतर व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांच्या पोटाच्या आत, आतड्यांभोवती असणारी चरबी सहा महिन्यांत वाढली. व्यायाम करणाऱ्यांची वाढली नाही. हीच आतली चरबी मधुमेह आणि हृदयविकाराशी जोडलेली आहे.

त्याआधी, २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या अभ्यासात १५ लठ्ठ स्त्रियांच्या त्वचेखालची सुमारे दहा किलो चरबी लायपोसक्शनने काढली होती. तीन महिन्यांनी तपासले, तर इन्सुलिनचा परिणाम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांपैकी कशातच सुधारणा नव्हती. आहार-व्यायामाने याहून कमी वजन घटले तरी हे आकडे सुधारतात. शहरांत आणि आता गावांतही मधुमेह वाढत असताना लायपोसक्शनकडे आरोग्याचा उपाय म्हणून पाहणे हा स्वतःचीच फसवणूक करण्याचा महागडा मार्ग आहे. ही शरीराचा आकार बदलणारी शस्त्रक्रिया आहे आणि तेवढ्यापुरती ती उपयोगी आहे.

यंत्राच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. तंतूंचे जाळे दाट असते तिथे, म्हणजे पाठ, पुरुषांची छाती किंवा आधी एकदा लायपोसक्शन झालेली जागा, अल्ट्रासाउंडने काम सोपे होते. शल्यचिकित्सकाच्या हाताला श्रम कमी पडतात आणि काढलेल्या चरबीत रक्ताचे प्रमाण कमी असू शकते. प्रशिक्षित हातात हे चांगले साधन आहे. माझा आक्षेप साधनाला नाही, त्याच्या नावावर विकल्या जाणाऱ्या खात्रीला आहे.

मूलपेशींच्या नावाने

या खात्रीचा सर्वांत धोकादायक अवतार म्हणजे ‘स्टेम सेल थेरपी’. चरबीत मूलपेशी असतात हे खरे आहे. लॉस एंजलिसच्या संशोधकांनी २००१ मध्ये ते प्रसिद्ध केले. अल्ट्रासाउंडने काढलेल्या चरबीतही त्या शाबूत राहतात हे वर आलेच आहे. पण पेशी जिवंत आहे आणि पेशीने आजार बरा केला, या दोन वाक्यांमध्ये वर्षानुवर्षांच्या चाचण्या उभ्या असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या विकारांसाठी केले जाणारे रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण. बाकी सर्व उपयोग मंजुरी घेतलेल्या चाचणीतच करायचे आहेत. अशा चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. तेव्हा कोणी चरबीतल्या मूलपेशींनी गुडघा, मधुमेह किंवा स्वमग्नता बरी करतो म्हणून पैसे मागत असेल, तर पुढचा एकही टक्का ऐकायची गरज नाही.

दुसरा धोका नितंबांत चरबी भरण्याचा. ही शस्त्रक्रिया समाजमाध्यमांमुळे जगभर वाढली. चरबी स्नायूंच्या आत किंवा खाली गेली आणि तिथल्या मोठ्या शिरेत शिरली, तर ती थेट हृदय आणि फुप्फुसांकडे जाते आणि रुग्ण टेबलावरच दगावू शकतो. २०१७ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांच्या कृतिगटाने या शस्त्रक्रियेत मृत्यूचे प्रमाण तीन हजारांत एक इतके असू शकते असे सांगितले. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेच्या मानाने हे प्रमाण भयंकर आहे. इथे पेशी जिवंत होत्या की मेलेल्या, याने काही फरक पडत नाही.

रुग्णाने काय विचारावे, डॉक्टरने काय सांगावे

आपल्याकडे २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरने रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करणे अनैतिक आहे. प्रत्यक्षात आधी-नंतरच्या छायाचित्रांनी मोबाइलचे पडदे भरलेले असतात. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा लागू होत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेलाच तो मिळतो. म्हणजे इथला बहुतेक खर्च रुग्ण स्वतःच्या खिशातून करतो आणि खर्चाला मान्यता देण्यापूर्वी प्रश्न विचारणारा विमा कंपनीचा कारकूनही मध्ये नसतो. प्रश्न रुग्णालाच विचारावे लागतात.

ते अवघड नाहीत. शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी दर्जाची पदवी आहे का आणि त्यांचे नाव महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत आहे का? एका वेळी किती लिटर काढणार? पाच लिटरपेक्षा जास्त काढणे हे मोठे लायपोसक्शन मानले जाते आणि त्यानंतर रुग्णाला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागते. भूलतज्ज्ञ सोबत असेल का? चरबी परत भरणार असाल, तर सांगितलेला टक्का सिरिंजमधला की वर्षानंतरचा? वर्षानंतरचा असेल, तर तो कसा मोजला: एमआरआयने, त्रिमितीय छायाचित्राने की नुसत्या नजरेने? तो तुमच्या स्वतःच्या रुग्णांचा आहे की कंपनीच्या पत्रकातला? दुसऱ्यांदा भरावे लागले तर खर्च कोणाचा?

या प्रश्नांनी चांगला शल्यचिकित्सक रागावत नाही. उलट तो आपणहून सांगतो, की काही चरबी विरेल, वजन वाढवले तर रोपलेली चरबीही वाढेल, सिगारेट सोडावी लागेल आणि हमी देता येणार नाही. जो हमी देतो, त्याच्याकडून उठून यावे.

वैद्यकीय परिषदेने आणि प्लास्टिक सर्जनांच्या संघटनांनीही एक साधी गोष्ट करावी. चरबीच्या रोपणाच्या संमतिपत्रावर तीन ओळी मराठीत छापाव्यात: काढताना किती पेशी जिवंत असतात, शरीरात वर्षभराने साधारण किती चरबी टिकते आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता किती. या ओळींत यंत्राचे नाव नसले तरी चालेल. सही करण्याआधी रुग्णाने त्या वाचाव्यात आणि दुसरी ओळ रिकामी असेल तर ती भरून मागावी.